जखम महिनोन्‌महिने भरत नाहीये? महागडी पट्टी आणायच्या आधी या चुका टाळा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या पायाच्या तळव्याला अंगठ्याच्या खाली जखम झाली आणि ती सात महिने भरलीच नाही. शुगर अठरा वर्षं जुनी, पाय बधिर, त्यामुळे दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हटल्यावर अण्णा रोज दूध आणायला, देवळात, पारावर, सगळीकडे चालत जायचे. आम्ही घरातले मात्र ड्रेसिंगच बदलत बसलो. सिल्व्हरचं मलम झालं, पावडर झाली, फोमची पट्टी झाली, कोलॅजनच्या चार शीट झाल्या. पैसे पाण्यासारखे गेले. शेवटी एका डॉक्टरांनी आधी पायातलं रक्त नीट पोचतंय का ते तपासलं, कडेचा घट्टा खरवडून काढला, जखमेवर साधं सलाईनचं गॉज ठेवलं आणि पायाला मापाचं प्लास्टर घातलं. नऊ आठवड्यांत जखम बंद.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधीच सांगते, जखमेवर काय लावायचं याचा विचार करत बसणं आणि जखमेवर वजन पडतंय त्याकडे बघायचंच नाही. बधिर तळव्यावर जिथे दाब येतो तिथे घट्टा होतो, तो घट्टा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतलं मांस चेचत राहतो, आणि आपण वरून कितीही भारी पट्टी लावली तरी पुढच्या शंभर पावलांत ती चेचली जाते. ही गोष्ट आपल्या देशातच फार पूर्वी कळलेली आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करायचे, तेव्हा लोक समजायचे की रोगामुळेच मांस कुजतं, पण त्यांनी पाय प्लास्टरमध्ये ठेवून दाखवलं की दाब काढला तर त्याच जखमा भरतात. आजही सरकारी कुष्ठरोग विभागात मिळणारी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल त्याच विचारातून आलेली. फक्त प्लास्टर घरी किंवा हाडवैद्याकडून घालून घेऊ नका, पायात पू असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर त्यानेच पाय जाऊ शकतो.

रक्तपुरवठ्याचं पण तसंच. पाय गार पडलेला, बोटं काळपट, रात्री पाय खाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं, असं असेल तर आधी डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफीसारखी तपासणी, करा. तिथे रक्तच पोचत नसेल तर जगातली कुठलीही कृत्रिम त्वचा काही करणार नाही. उलट घोट्याजवळ व्हेरिकोज व्हेनमुळे, म्हणजे फुगलेल्या शिरांमुळे, झालेली जखम असेल तर घट्ट बँडेज हाच खरा इलाज असतो, पण तेही धमन्या चांगल्या आहेत हे बघूनच बांधायचं.

दुसरी चूक आम्ही रोज केली. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की वाटायचं वा, घाण निघतेय. तो फेस नव्या लाल मांसाला पण जाळतो, डेटॉलचं तसंच, आणि ते तपकिरी आयोडीनचं औषध डॉक्टरांनी सांगितलं नसताना महिनोन्‌महिने ओतणंही बरं नाही. सलाईन पुरतं. घरी करायचं असेल तर एक लिटर पाणी चांगलं उकळायचं, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण चहाचा दीड सपाट चमचा, गार करून झाकून ठेवायचं आणि रोज नवीन करायचं. आणि "हवा लागू द्या, सुकू द्या" हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक काकू देते, पण १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने येते. कोरडं गॉज चिकटतं, आपण ते ओढून काढतो आणि आठवडाभरात आलेली नवी साल त्याच्याबरोबर निघून येते. चिकटलं तर सलाईन ओतून पाच-दहा मिनिटं थांबा ना, ओढू नका!

आता कोलॅजनच्या शीटबद्दल. आम्ही लावली तेव्हा जखमेत पिवळा चिकट थर होता, कोणी काढला नाही, वर शीट ठेवली, तिसऱ्या दिवशी तिचा वितळून चिकट लगदा झालेला आणि वास. शीट खराब नव्हती. कोलॅजन हा नुसता ढाचा असतो, नव्या मांसाला चढायला आधार, आणि तो स्वच्छ लाल दाणेदार मांसावरच काम करतो, पू असेल तर पैसे गटारात. आणखी एक, बरंचसं कोलॅजन गुराढोरांपासून किंवा माशांपासून काढलेलं असतं, घरात कोणाला ते चालणार नसेल तर आधीच विचारा, ही गोष्ट पेशंटला कोणी सांगत नाही आणि सांगायला पाहिजे.

स्वस्त पर्याय आपल्या जवळच आहेत हे मला खूप उशिरा कळलं. मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत १९८८ पासून काम चालतं, बाळंतपणात वारेबरोबर येणारं पातळ आवरण स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी देतात. पण ओळखीच्या प्रसूतिगृहातून ताजं आणून लावायचं असलं काही करू नका, त्यातून एचआयव्ही, कावीळ काहीही जाऊ शकतं. सायन हॉस्पिटलची स्किन बँक २००० पासून आहे, भाजलेल्यांसाठी. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी-पाठीवरून कातडीचा पातळ थर घेतात, ती ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकते, रक्तगट जुळावा लागत नाही. इथे नातेवाईक घाबरतात ती गोष्ट म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी ही कातडी सुटायला लागते. ती सुटणारच, ती कायमची नसतेच, तोवर जखम झाकून पेशंटला जगवणं हेच तिचं काम.

केळीच्या पानाचंही सांगते कारण त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. सायनच्याच डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर हे वापरून दाखवलं, पान चिकटत नाही त्यामुळे काढताना दुखत नाही. त्याआधी १९८५ मध्ये भायखळ्याच्या मसिना हॉस्पिटलच्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी मांडली होती, केळीचं पान त्याहून ११ पट स्वस्त पडलं. पण हॉस्पिटलमध्ये पानं पट्टीवर चिकटवून, गुंडाळून ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात! परसातलं पान पुसून लावणं वेगळं. मधाचं तसंच, सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांचा मधावरचा १९९१ चा अभ्यास जगभर गाजला, पण आता जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मिळतो, डब्यातल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. नुकतंच भाजलं असेल तर यातलं काहीच नको, हळद टूथपेस्ट तर नकोच, नळाखाली वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा.

ताप, वाढत जाणारी लाली, काळं पडणं, एकदम घाण वास, यातलं काही दिसलं तर ड्रेसिंगची वाट न बघता त्याच दिवशी जा.

आणि एक काम आजच करा. जखमेच्या शेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढा, दर आठवड्याला त्याच उजेडात. पायाची मधुमेही जखम नीट इलाज चालू असताना चार आठवड्यांत साधारण निम्मी व्हायला हवी. आमच्याकडे सात महिन्यांचा एकही फोटो नव्हता, प्रत्येक नव्या डॉक्टरांना आम्ही हाताच्या बोटांनी दाखवायचो, "आधी एवढी होती, आता एवढी", आणि मी एक दाखवायचे, माझे मिस्टर दुसरंच.