नोट्स देखण्या, पेपर कोरा: या चुका टाळा

सराव परीक्षेचे पेपर वाटले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, घरी वाचताना सगळं येत होतं." मी वाद घालत नाही, वही मागतो. वही बहुतेक वेळा माझ्या वहीपेक्षा देखणी असते. शीर्षकाला जांभळं पेन, व्याख्येला हिरवं, खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. मग मी त्यातलीच एक ओळ बोटाने झाकतो आणि विचारतो. पुढची शांतता दोघांनाही ओळखीची झाली आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुस्तकाची छोटी नक्कल काढून तिला नोट्स म्हणणं. इतिहासात ती लगेच पकडता येते. वहीत एकाखाली एक लिहिलेलं असतं: १९१९ रौलट कायदा, १९१९ जालियनवाला बाग, १९२० असहकार, १९२२ चौरीचौरा. सनावळ्या बिनचूक, पाठही झालेल्या. पण पेपरात प्रश्न येतो की असहकार चळवळ का थांबवली, आणि उत्तरात पुन्हा तीच यादी उतरते. यादीत 'का' कुठे नव्हताच, तर तो उत्तरात येणार कुठून?

माझ्या मुलांना मी एकच काम सांगतो. दोन सनांच्या मधे 'म्हणून' किंवा 'तरीही' लिहायचं आणि वाक्य पुरं करायचं. रौलट कायद्याने खटल्याशिवाय तुरुंगात टाकायची मुभा सरकारला मिळाली, म्हणून देशभर निषेध पेटला. पंजाबात पुढारी पकडले गेले, तरीही १३ एप्रिलला अमृतसरच्या बागेत लोक जमले आणि गोळीबार झाला. त्या संतापाला खिलाफतीची, म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफासाठी इथल्या मुसलमानांनी उभारलेल्या चळवळीची जोड मिळाली, म्हणून १९२० मध्ये असहकार. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, आतले पोलीस मेले, म्हणून गांधीजींनी चळवळ मागे घेतली. जिथे 'म्हणून'ही बसत नाही आणि 'तरीही'ही बसत नाही, तिथे आपल्याला धडा कळलेला नाही. ते मार्चमध्ये कळण्यापेक्षा डिसेंबरमध्ये कळलेलं बरं.

दुसरी चूक सगळे विषय एकाच साच्यात कोंबण्याची. गणिताच्या नोट्स म्हणून मुलं सोडवलेली उदाहरणं सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवतात. ती पुस्तकात आहेतच की! गणिताच्या वहीत आपण कुठे घसरलो ते हवं. क्ष वर्ग बरोबर ९ दिसलं की हात आपोआप ३ लिहितो आणि उणे ३ राहून जातं. क्ष वर्ग बरोबर ५क्ष असलं की दोन्ही बाजूंना क्षने भागून ५ हे उत्तर येतं, आणि शून्य ही दुसरी किंमत गुपचूप नाहीशी होते, कारण क्ष शून्य असू शकतो हे भागताना कुणी पाहिलंच नाही. अशा चुकांचं एक पान पन्नास सोडवलेल्या उदाहरणांना भारी पडतं.

विज्ञानात सूत्र लिहून चौकट करतात आणि एकक व चिन्ह विसरतात. भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले नाभीय अंतर, पण ते अंतर मीटरमध्ये. २० सेंटिमीटरच्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती ५ डायॉप्टर येते. सेंटिमीटर तसेच ठेवून भागलं तर ०.०५ येतं, आणि मुलं ते निर्धास्तपणे लिहून मोकळी होतात. अंतर्वक्र भिंगाला उणे चिन्ह. वर्गातल्या कुणाला लांबचं दिसत नसेल तर त्याच्या चष्म्याचा नंबर उणे का असतो, ते चौकटीशेजारी लिहा. मग चिन्ह वेगळं पाठ करावं लागत नाही.

हृदयाची आकृती तर दरवर्षी उलटी येते. आकृतीतलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, त्यामुळे त्याचं उजवं अलिंद आपल्या डाव्या हाताला येतं. पुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवून काढलेल्या आकृतीत ही गोष्ट कधीच डोक्यात शिरत नाही. पुस्तक मिटून, वेडीवाकडी का होईना, स्वतः काढा आणि मग तपासा.

भूगोलात नकाशा नसलेलं पान म्हणजे निबंध. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की त्याच्या तुलनेत शिंतोडे, हे चार ओळींत लिहिण्यापेक्षा सह्याद्रीचा एक उभा छेद काढा. अरबी समुद्राकडून बाण, वर चढणारी हवा, पलीकडे पर्जन्यछाया. एवढं पुरतं.

व्याकरणाच्या वहीत समासाची उदाहरणं रकान्यात असतात: पीतांबर, बहुव्रीही. पण पिवळं वस्त्र एवढाच अर्थ असेल तर तो कर्मधारय. ते नेसणारा विष्णू अभिप्रेत असेल तर बहुव्रीही. विग्रह आणि एक वाक्य सोबत नसेल तर तो रकाना फसवा आहे.

आता वहीच्या समासाबद्दल. ती डावीकडची मोकळी पट्टी रेघ मारून तशीच सोडतात, आणि मला वाटतं वहीतली सगळ्यात कामाची जागा तीच. तिथे फक्त प्रश्न लिहा. उजळणी करताना मजकूर झाकायचा, प्रश्न वाचायचा, उत्तर तोंडी किंवा रफ कागदावर द्यायचं, मग उघडून बघायचं. हायलायटर फिरवत पुन्हा पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या होतात आणि ओळखीचं ते येतं असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग यावरच आहे. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतःची चाचणी घेतलेले पुढे गेले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल थोडक्यात: दुसऱ्याने गाळलेलं तुम्हाला दिसत नाही. वापरायची तर पुस्तकाशेजारी ठेवून, गाळलेलं भरत वापरा. आणि रफ वहीतून फेअर वहीत उतरवण्यात रविवार घालवत असाल तर थांबा. तो हस्ताक्षराचा सराव आहे.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि नोट्स जुन्याच पद्धतीच्या आहेत, तर नव्याने लिहायला बसू नका. आहे त्याच वहीच्या समासात प्रत्येक पानाला तीन प्रश्न पेन्सिलीने लिहा. उत्तर आलं की प्रश्न खोडून टाका. खोडता न आलेले प्रश्न रोज झोपण्याआधी एकदा, मजकूर झाकून.