बेरियमच्या ढगावरून आयनोस्फिअरमधलं इलेक्ट्रिक फील्ड कसं काढायचं

आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाचा वरचा, विद्युतभारित कणांचा थर. तिथला प्लाझ्मा, म्हणजे असा भारित वायू, डोळ्यांना दिसत नाही म्हणून रॉकेट किंवा सॅटेलाइटमधून बेरियमची वाफ सोडतात आणि ती कुठे सरकते ते जमिनीवरून बघतात. १९९० मध्ये सोडलेल्या सीआरआरईएस सॅटेलाइटवर तर अशा केमिकल्सचे २४ डबे होते.

आधी वेळ. सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी, खाली पूर्ण अंधार आणि वर ढगावर ऊन, एवढ्याच वेळात काम होतं, कारण बेरियम चमकतं उन्हामुळे आणि त्याचे आयन (विद्युतभारित अणू) होतात तेही उन्हामुळेच, साधारण अर्ध्या मिनिटात.

कॅमेरे दोन ठिकाणी लावा, चांगले लांब लांब, घड्याळं जुळवून, आणि फ्रेममध्ये मागचे तारे नीट आले पाहिजेत, त्यावरूनच दिशा आणि मग उंची निघते. आयनसाठी ४५५.४ नॅनोमीटरचा फिल्टर घ्या. सोबत सोडलेलं किंवा बेरियममध्ये मिसळलेलं स्ट्राँशियम बराच वेळ न्यूट्रल, म्हणजे भार नसलेलं, राहतं, त्याच्यासाठी ४६०.७ चा. हा दुसरा फिल्टर बरेच जण टाळतात, माझ्या मते तो हवाच, कारण न्यूट्रल ढग गोल फुगत वाऱ्याबरोबर जातो, तर आयनांचा ढग मॅग्नेटिक फील्डच्या रेषेवर लांब ताणला जातो, दोन्ही शेजारी ठेवले की वारा किती आणि इलेक्ट्रिक फील्ड किती ते वेगळं करता येतं.

आता गणित. आयन ढगाच्या वेगातला फील्डलाइनच्या दिशेचा भाग सोडून द्या, तिकडे ते नुसते घरंगळतात, फक्त आडवा वेग घ्या आणि त्याला मॅग्नेटिक फील्डने गुणा. १०० मीटर प्रति सेकंद वेग आणि ०.००००५ टेस्ला मॅग्नेटिक फील्ड असेल तर इलेक्ट्रिक फील्ड ५ मिलिव्होल्ट प्रति मीटर आलं. त्याची दिशा वेग आणि मॅग्नेटिक फील्ड दोघांनाही काटकोनात.

आणि बेरियम कमीच सोडा. जास्त झालं की ढग स्वतःच आजूबाजूचा प्लाझ्मा बदलतो. १९८४ च्या ॲम्प्टे मिशनमध्ये सोलर विंडमध्ये, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांच्या झोतात, बेरियम सोडून कृत्रिम धूमकेतू केला होता, त्याचं डोकं सुरुवातीला सोलर विंडबरोबर न जाता चक्क आडवं सरकलं! तसंच ढगाच्या कडेला बारीक रेघा फुटायला लागल्या की तिथून पुढचा डेटा फील्डसाठी वापरू नका, अस्थिरतेच्या अभ्यासाला वेगळा ठेवा.