कुंडीतला दवबिंदू का मरतो? गोव्यातल्या बागेत या चुका टाळा

दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा. ही कीटक खाणारी वनस्पती आपल्याकडे परदेशी समजली जाते, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. खरं तर गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात तिच्या दोन जाती आपसूक उगवतात. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरते, ड्रॉसेरा इंडिका गवतासारखी उभी वाढते. सड्यावर मातीचा थर पातळ, आम्ल आणि निकस असतो. पाणी थेट आभाळातून येतं, वर सावलीला झाड नसतं. नत्र मातीतून मिळत नाही, म्हणून ती पानांवरच्या लवेच्या टोकाशी असलेल्या चिकट थेंबांनी किडे धरते. कुंडी भरण्याआधी हा सडा नीट समजून घेतला तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

पहिली चूक विकत घेतानाच होते. रोटंडिफोलिया, अँग्लिका या जाती कणखर म्हणून विकल्या जातात, पण त्यांचा कणखरपणा बर्फातला आहे. हिवाळ्यात त्या घट्ट कळी करून महिनोन्‌महिने झोपतात आणि ती झोप मिळाली नाही तर खंगतात. पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपास थांबतो, तिथे त्यांचं काय चालणार? उघड्यावर ठेवायला बर्मानी, इंडिका किंवा स्पॅटुलाटा निवडा. केपेन्सिस सगळीकडे मिळते आणि दिसतेही देखणी, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात मरगळते. तेवढे दोन महिने तिला सकाळचंच ऊन द्या.

पाणी हे सर्वांत मोठं कारण

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात. रोप लगेच मरत नाही. आधी पानांवरचे थेंब कमी होतात, मग नवी पानं आखूड येतात, आणि काही आठवड्यांत मधला कोंब काळा पडतो. तोवर आपण खताला किंवा उन्हाला दोष देत बसलेलो असतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, तो आधी घ्या. आकडा ५० पीपीएमच्या खाली असेल तर उत्तम, १०० पर्यंत निभावतं, त्यापुढे नको.

विहिरीबद्दल सरसकट मत बनवू नका. जांभ्याच्या भागातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा इतकं मृदू असतं की मीटरवर चालून जातं. समुद्राकाठी किंवा खाजणाजवळ (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीजवळ) तीच विहीर मचूळ निघते. आरओचं पाणी वापरत असाल तर यंत्रात चवीसाठी खनिजं मिसळणारी कांडी आहे का ते बघा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, मात्र एसी धुऊन घेतल्यानंतरचे काही दिवस ते टाळा. आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो! पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघू द्या, मग झाकणाचे पिंप भरून ठेवा. मोजक्या कुंड्यांना उन्हाळाभर तेवढं पुरतं.

कुंडीखाली ट्रेमध्ये एक-दोन सेंटिमीटर पाणी कायम हवं. डेंगीचा डास याच पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा ट्रे ओतून, कडा घासून पुन्हा भरा. यात हयगय नको. शेजारपाजारच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

माती, रेती, कुंडी

बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको. पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि सिलिका रेती किंवा परलाइट (पांढरे, हलके खडे) समप्रमाणात घ्या. स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात ती रेती चांगली. किनाऱ्यावरची वाळू मात्र कितीही धुतली तरी वापरू नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. नदीच्या रेतीवर शंका असेल तर थोडा व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले की चुना आहे. कोकोपीटमध्ये अनेकदा मीठ असतं, त्यामुळे मी तरी ते सुचवणार नाही. सिमेंटची कुंडी टाळा, प्लास्टिकची घ्या.

सड्यावरून रोप उपटून आणणं हा तर अजिबात मार्ग नाही. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या मांडवीचं, सामान शोधताना दवबिंदू हमखास नजरेस पडतो आणि हात पुढे जातो. नाजूक मुळं तुटलेलं ते रोप सहसा जगत नाही. सडे खाणींनी, वसाहतींनी आधीच आक्रसलेत. तिथलं तिथेच राहू द्या.

पावसाळ्यातली घबराट

जोराचा पाऊस झाला की पानांवरचे थेंब धुऊन जातात आणि रोप आजारी वाटतं. ते आजारी नसतं. उघडीप मिळाली की एक-दोन दिवसांत थेंब परत येतात. पण या भीतीने गॅलरीला निळं प्लास्टिक बांधलं तर उजेड जातो, पानं लांबट, फिकी पडतात आणि थेंब खरोखरच येत नाहीत. आडोसा करायचाच असेल तर पारदर्शक पत्र्याचा करा. तांबडी झालेली पानं करपलेली नव्हेत. भरपूर उजेड मिळतोय याची ती खूण आहे.

बाहेर ठेवलेल्या रोपाला भरवायची गरज नसते, चिलटं आणि मुंग्या ते स्वतः धरतं. भाताचं शीत, मांसाचा तुकडा, दुधाचा थेंब यांनी पान कुजतं. मुळाशी खताची चिमूटही नको. खालची जुनी पानं काळी पडणं नैसर्गिक आहे, काळजी कोंबाची करा. कोंब वेडावाकडा येत असेल तर त्यात मावा शोधा. सापडला तर अख्खी कुंडी पावसाच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा. साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल मारू नका. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचाव्या लागतात, दुसरा सोपा उपाय नाही.

शेवटचं, इंडिकाबद्दल. फुलून झाल्यावर हिवाळ्यात ती वाळली की लोक कुंडी रिकामी करतात. ती वर्षायू आहे, म्हणजे वर्षभरात जगून संपते, बर्मानीही बहुधा तशीच वागते. वाळलेली बोंडं कागदावर झटकली की काळी, धुळीइतकी बारीक बी पडते. ती कागदाच्या पुडीत कोरडी ठेवा आणि जूनमध्ये ओल्या पीटवर नुसती भुरभुरा. वरून माती घालू नका, तिला रुजायला उजेड लागतो. पहिले काही आठवडे मुसळधार सरींपासून आडोसा द्या, नाहीतर बी वाहून शेजारच्या कुंडीत उगवेल.