अंडी फुटायच्या वेळी हौदापाशी थांबा: ठाणे जिल्ह्यातल्या मत्स्यबीज उत्पादकांसाठी पावसाळी सल्ला

शहापूर-मुरबाड पट्ट्यात पाऊस स्थिरावला की कटला, रोहू, मृगळ यांच्या प्रजननाची घाई सुरू होते. संध्याकाळी संप्रेरकाचं (हार्मोनचं) इंजेक्शन दिलेले मासे साधारण चार ते सहा तासांत अंडी टाकतात. पाणी २७ ते ३१ अंशांवर असेल तर पुढच्या १४ ते १८ तासांत जिरे, म्हणजे माशांची इवलीशी पिल्लं, बाहेर येतात. म्हणजे अंडी फुटतात ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, आणि रात्रभर जागलेली माणसं नेमकी तेव्हाच आडवी झालेली असतात. पाळी बदला, पण हौद सोडू नका.

पिल्लू नुसत्या ताकदीने कवच फोडत नाही. त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म ग्रंथी वेळ भरली की एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात. ते कवचातली प्रथिनं आतून विरघळवतं, कवच लिबलिबीत होतं आणि शेपटीच्या फटक्याने फाटतं. हे डोळ्यांनी पाहता येतं. बाराव्या तासापासून अधूनमधून चार अंडी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. जिवंत अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक असतं, आत पिल्लू वळवळत असतं. टणक, गोल कवच सैल दिसू लागलं की वेळ जवळ आली समजा. पांढरं, दुधाळ अंडं मेलेलं. त्यावर बुरशी धरते, ते काढून टाका.

सगळी मेख पाण्यात आहे. प्राणवायू कमी पडला तर बऱ्याच माशांत हे विकर वेळेआधी सुटतं आणि अपुऱ्या वाढीची, कमजोर पिल्लं बाहेर पडतात. पाणी आम्लधर्मी असेल तर उलट विकर मंदावतं, पिल्लू कवचातच गुदमरतं. पीएच ७ ते ८ च्या दरम्यान ठेवा. मोरचूद (कॉपर सल्फेट) हौदाच्या आसपासही नको. ओढ्याचं गढूळ पाणी थेट घेऊ नका, गाळ अंड्यांवर बसतो. वीज जाणारच, म्हणून उंचावरची टाकी भरलेली हवी.

पहिले जिरे दिसले की काही जण प्रवाह थोडा वेळ थांबवतात. सुटलेलं विकर पाण्यात साठतं आणि मागे राहिलेली अंडीही लवकर फुटतात. युक्ती खरी आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: माणूस समोर उभा असेल तरच, आणि तीही पाच-दहा मिनिटंच. ढगाळ, कोंदट हवेत तर प्रवाह नुसता कमी करा, बंद नको.

अंडी फुटल्यावर उरलेली कवचं सडून पाण्यात अमोनिया वाढवतात. हापा, म्हणजे पाण्यात बांधलेली दुहेरी कापडी पेटी, असेल तर काम सोपं: जिरे आतल्या मच्छरदाणीतून बाहेरच्या कापडात उतरतात, टरफलं आतच राहतात, आतला हापा लगेच उचलून घ्या. गोल हौदात जाळी सारखी घासावी लागते, नाहीतर ती तुंबून पाणी वरून वाहतं आणि जिरेही जातात.

नवी मुंबईत टाक्यांमध्ये गोल्डफिश, कोई या शोभेच्या माशांची पिल्लं काढणाऱ्यांनी नळाचं पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय वापरू नये.

फुटल्यावर सुमारे तीन दिवस जिरे पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर जगतात. तोवर खाद्य टाकू नका. पिशवी संपत आली की तयार ठेवलेल्या संगोपन तळ्यात सकाळच्या थंड वेळी सोडा.