वेफर्सची किसणी घेताय? आधी या चुका टाळा

होळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. ‘काकू, किसणी कुठली घेऊ?’ मी सांगते. समोरची ‘हो हो’ म्हणते आणि ऑफरमध्ये दिसलेली भलतीच घेऊन बसते. पाडव्याच्या आसपास तिचाच दुसरा फोन येतो, ‘काकू, चकत्या एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ का येतायत?’

नाशकात घरून वाळवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागून मला वीस वर्षं होतील. बटाट्याचे वेफर्स, जाळीचे वेफर्स, कीस. घरात किसण्या सात आहेत, त्यातल्या पाच माळ्यावर. त्या पाचही माझ्याच चुका आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितेय ते पैसे मोजून शिकलेलं आहे. आणि हो, दुकानात हल्ली जिला ‘मँडोलिन स्लायसर’ म्हणतात ती आपली वेफर्सचीच किसणी. आजीकडे लाकडी फळीत आडवं पातं ठोकलेली असायची, तिला आता जाडी कमीजास्त करायचा खटका आणि हातात धरायचा होल्डर आला, एवढंच. नाव ऐकून बुजू नका आणि नावापायी जास्त पैसेही देऊ नका.

बारा पात्यांचा डबा

सगळ्यात जास्त खपते ती हीच चूक. एका डब्यात बारा पाती, खाली कीस पडायला भांडं, वर अंड्याचा पिवळा बलक वेगळा करायची वाटी. बघून जीव हरखतो. घरी आल्यावर महिनाभरात वापर उरतो दोन पात्यांचा, साधं आणि किसायचं. बाकीची दहा ड्रॉवरमध्ये हात कापायला टपलेली असतात.

पण खरी अडचण जागेची नाही, खाचेची आहे. सुटं पातं प्लॅस्टिकच्या खाचेत टक्कन बसतं, आणि काढ-घाल करून ती खाच झिजते. मग बटाटा पुढे रेटला की पातं एका टोकाला केसभर उचललं जातं. केसभर म्हणजे किती, ते वाळवणात कळतं. तळून लगेच खायच्या वेफर्सना खपून जाईल. पण उकळत्या पाण्यातून काढून साडीवर पसरलेल्या चकतीची एक कड जाड असली की पातळ कड दुपारीच कडक होते आणि जाड कड संध्याकाळीही वातड राहते. तशीच डब्यात भरली तर पावसाळ्यात अख्खा डबा बुरसतो. तळताना तीच पातळ कड करपते आणि मधला भाग कच्चा लागतो. लोक तेलाला दोष देतात.

म्हणून एकच पक्कं बसवलेलं पातं असलेली किसणी घ्या. जाडी बदलायला पातं हलायला नको, पुढची पट्टी, म्हणजे बटाटा जिच्यावरून पात्याकडे सरकतो ती, वरखाली व्हायला हवी. माझी रोजच्या वापरातली भाच्याने जपानहून आणलेली ‘बेनरिनर’ नावाची किसणी आहे. पातं स्क्रूने आवळलेलं, खालचा स्क्रू फिरवला की पट्टी वर-खाली होते. तिच्यासोबत आलेली कीस काढायची दातेरी पाती मी अजून डब्यातच ठेवली आहेत. दोष सांगायचा तर रुंदी. साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास. तळेगावचा मोठा बटाटा आडवा बसत नाही, उभा धरावा लागतो. कोबी तर विसराच. तुमच्याकडे कोबीची कोशिंबीर रोज होत असेल तर मोठी रुंद किसणी बघा.

दुकानात मी काय करते ते सांगते. पातं डोळ्यांच्या रेषेत धरते, बंदूक रोखल्यासारखं. पात्याची कड आणि पुढच्या पट्टीची कड दोन्ही टोकांना सारखं अंतर ठेवून दिसली पाहिजे. मग चमच्याच्या दांड्याने पात्याचा मधला भाग हलकेच दाबते. लवलं की परत. बटाटाही पर्समध्ये असतो. भांडीवाले पूर्वी हसायचे, आता स्वतःच म्हणतात, ‘काढा काकू बटाटा.’ घेतलेल्या किसणीवर दहा चकत्या पाडायच्या, चळत करायची आणि शाळेतल्या पट्टीने मोजायची. चळत १५ मिलिमीटर भरली तर एक चकती दीड मिलिमीटरची. वाळवणाला मला एवढीच लागते. कच्चे वेफर्स थेट तळायचे असतील तर एक मिलिमीटरच्या जरा वर, भज्यांना दोन ते तीन. खटक्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, चळत मोजा.

पात्याच्या कोनाबद्दल थोडं. सरळ आडवं पातं बटाट्याला पूर्ण रुंदीने एकदम भिडतं, म्हणून जोर लागतो. तिरपं किंवा इंग्रजी ‘व्ही’सारखं पातं एका टोकापासून कापत जातं, हात हलका चालतो. पिकल्या टोमॅटोवर फरक लगेच दिसतो. सरळ पात्यावर त्याचा चेंदा होतो. नुसता बटाटाच करायचा असेल तर सरळही चालतं, आजीचं चालायचंच की.

चुंबक घेऊन बाजारात जाणे

आमचे धाकटे दीर हुशार. किसणी घ्यायला माझ्याबरोबर आले ते खिशात फ्रिजवरचं चुंबक घालून. पात्याला लावलं, चिकटलं. ‘वहिनी, हे स्टील भेसळीचं, ठेवा परत.’ आणि न चिकटणारी, चकाचक किसणी घेऊन दिली. दोन उन्हाळ्यांत तिची धार अशी गेली की बटाटा कापण्याऐवजी खरवडायला लागली.

चुंबकाची परीक्षा डब्या-पातेल्यांसाठी ठीक आहे. ३०४ नंबरचं भांड्याचं स्टील, ज्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, चुंबकाला जवळजवळ धरत नाही आणि सहसा गंजतही नाही. पण तापवून, थंड करून कडक करता येणारं ते स्टील नाही. पात्याला कडकपणा हवा, त्यासाठी जास्त कार्बनचं, ४२० च्या जातीचं स्टील वापरतात, आणि त्याला चुंबक चिकटतंच. सुऱ्यांचंही तसंच. म्हणजे आमच्या दिरांनी नेमकी चांगली किसणी परत ठेवायला लावली. (हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आता वाचतील.)

अशा कडक पात्याला एक पथ्य असतं. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात ते पडून राहिलं की तांबूस ठिपके धरतं. काम संपलं की लगेच धुवायचं, पुसायचं, उन्हात पाच मिनिटं ठेवायचं. जेवण झाल्यावर बघू, असं करायचं नाही. बटाट्याचा स्टार्च एकदा वाळला की खाचांतून निघता निघत नाही.

सिरॅमिकचं पातं गंजत नाही म्हणून घेणाऱ्यांनी सुरण आणि कच्चं रताळं त्यावर चालवू नये. टवका उडतो, आणि तो कुठे गेला ते शोधत बसावं लागतं.

शेवटचा तुकडा

आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर बसलेय.

किसणीबरोबर खिळ्यांचा होल्डर येतो, बटाटा त्यात खुपसून पुढेमागे करायचा. माझ्याकडे येणाऱ्या नवीन मुली पहिल्या दिवशी तो वापरतात, दुसऱ्या दिवशी ‘ह्याने वेळ जातो’ म्हणून बाजूला ठेवतात. माझंही तेच होतं, आणि मी तर नवीनही नव्हते. बारा वर्षं हात चालला होता.

चैत्रातली पहाट, साडेचार वाजलेले. पंधरा किलोची ऑर्डर. ऊन चढायच्या आत पहिली खेप गच्चीवर जायला हवी. आठेक किलो बटाटे किसून झाले होते, मोठ्या परातीत पाण्यात चकत्या पडल्या होत्या. हातातल्या बटाट्याचा बोटभर बुडखा उरलेला. तेवढ्यात फोन वाजला आणि मी मान वळवली. फक्त मान. हात चालूच होता.

दुखलं नाही. हेच भयंकर आहे, धारदार पात्याने आधी दुखत नाही. पाण्यात गुलाबी रेघ दिसली तेव्हा कळलं की अंगठ्याच्या टोकाची लहान चकती गेली. अगदी दीड मिलिमीटरचीच असणार, किसणी तशीच लावलेली होती. सासूबाईंनी मूठभर हळद दाबली, आणि नंतर डॉक्टरांनी ती हळद धुऊन काढण्यात जो वेळ घालवला त्यात मला खरं दुखणं कळलं. टाका घालता येईना, कारण शिवायला दुसरी बाजूच नव्हती. दाबून ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पुढचे तीन आठवडे अंगठा पाण्यात घालायला बंदी. ऐन वाळवणाच्या हंगामात.

ती गेलेली चकती परातीत होती. शोधली, सापडली नाही. आठ किलो बटाटे मी गाईलाही घातले नाहीत, बागेत खड्डा करून पुरले.

तेव्हापासून माझ्याकडे दोन नियम आहेत. बटाटा पाऊण झाला की थांबायचं. उरलेले बुडखे एका पातेल्यात टाकायचे, संध्याकाळी त्यांचा रस्सा होतो. पाच किलोमागे हे बुडखे किलोभर भरतात. तेवढ्यासाठी कोणी अंगठा देतं का? आणि दुसरा नियम, कापरोधक हातमोजा. घेताना त्यावर ‘ईएन ३८८’ हे युरोपीय मानक छापलंय का ते बघा. त्यात कापण्याविरुद्धची पातळी ए ते एफ अशी अक्षरांत असते, एफ सगळ्यात जास्त. नुसतं ‘फूड ग्रेड’ लिहिलेला मोजा म्हणजे कापडच. मोजा ओला झाला की बटाटा त्यातून सटकतो, म्हणून मी दोन ठेवते आणि अर्ध्या कामात बदलते. मोजा पात्यापासून वाचवतो, टोकापासून नाही. होल्डरचे खिळे त्यातून आरपार जातात, तेही मी अनुभवलंय.

तरीही बोट गेलंच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा, हात उंच धरा, आणि दर मिनिटाला उघडून ‘थांबलं का’ बघू नका. पंधरा-वीस मिनिटं सलग दाबल्यावरही थांबलं नाही, किंवा टोकच गेलं असेल, तर हळदीचा डबा शोधू नका, डॉक्टर शोधा.

बाकी किरकोळ, पण रोजचं

किसणी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. दुसरं कोणी भांडी घासायला हात घालतं आणि पातं फेसात दिसत नाही. आमच्या भांडीवाल्या ताईंसाठी मी किसणी ओट्यावर वेगळी, पातं भिंतीकडे करून ठेवते.

प्लॅस्टिकच्या किसणीने केळं थेट कढईवर पाडू नका. जळगाव-भुसावळकडे गाड्यांवर ते तसं करताना बघितलंय, मला माहीत आहे. त्यांचा हात दिवसाला घडच्या घड करून बसलेला असतो. तुमची किसणी वाफेने वाकेल आणि तेल हातावर उडेल. केळं ताटलीत पाडा आणि पटकन सोडा, काही बिघडत नाही.

दारावरच्या धारवाल्याला किसणीचं पातं देऊ नका. पात्याची धार एकाच बाजूने उतरती असते, धारवाला दगडावर दोन्ही बाजू घासून देतो आणि मग चकत्या तिरप्या पडतात. त्याच किसणीचं नवं पातं वेगळं मिळत असेल तर बदला. घेतानाच दुकानदाराला विचारा, पातं वेगळं मिळतं का. ‘नाही’ म्हणाला तर ती किसणी दोन-तीन उन्हाळ्यांची, असं समजा.

बटाटा अडखळतोय? फळी पुसा, पाण्याचा हात फिरवा. स्टार्च चिकटतो. जोर लावणं हा उपाय नाही.

जाळीचा वेफर होत नाही? जाळीला नागमोडी पातं लागतं, आणि प्रत्येक चकतीनंतर बटाटा काटकोनात फिरवायचा. उभा, आडवा, उभा, आडवा. आणि जाडी अशी की दोन्हीकडच्या खाचा मध्यात एकमेकींना मिळतील. जाड ठेवली तर भोकं पडत नाहीत, नुसती नक्षी येते. पहिल्या दिवशी पाच-सहा बटाटे वाया जातात. जाऊ द्या. पहिल्या बटाट्यालाच जमलं पाहिजे म्हणणाऱ्या मुलींना मी पापड लाटायला बसवते.

वेफर तळल्यावर लाल-तपकिरी होतो? ही किसणीची चूक नाही, तरी तक्रार माझ्याकडे किसणीचीच येते. शीतगृहात फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलतो आणि ती साखर तेलात लाल होते. नवा बटाटा घ्या.

चकत्यांच्या कडा खरबरीत यायला लागल्या, पाणी नेहमीपेक्षा दुधाळ दिसायला लागलं, आणि तुमचा खांदा दुखायला लागला, की पातं गेलं. त्यावर आणखी एक हंगाम काढायचा मोह टाळा. बोथट पात्यावर जोर जास्त लागतो, आणि जोरात रेटलेला हात सटकला तर थांबत नाही.

काढलेलं पातं तसंच घंटागाडीत टाकू नका. कचरा निवडणाऱ्यांचे हात त्यातच असतात. मी दोन पुठ्ठ्यांत दाबून, चहूबाजूंनी चिकटपट्टी गुंडाळून वर स्केचपेनने ‘पातं आहे’ लिहिते, आणि गाडीवरच्या दादांच्या हातात वेगळं देते.