अंगावर पित्त उठलं? आमसूल, हळद, झाडपाला वापरताना या चुका टाळा

पित्त उठलं की घरोघरी आधी आमसुलं भिजत पडतात. ती कुस्करून ते पाणी अंगाला लावलं की गार वाटतं, खाज जरा कमी होते. खुशाल लावा. फक्त आमसुलं हाताशी नाहीत म्हणून आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लावू नका. त्यात भरपूर मीठ असतं, खाजवून सोललेल्या कातडीची नुसती आग होते.

आता ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली तर काढा उकळत बसू नका. तडक १०८ ला फोन करा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं.

उठलेलं सगळंच पित्त नसतं, आणि खरा घोळ इथेच होतो. पित्ताची गांध बहुधा २४ तासांच्या आत मागे खूण न ठेवता जिरते, मग दुसरीकडे नवी उठते. एखाद्या गांधीभोवती पेनाने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच असेल, दुखत असेल किंवा काळसर डाग राहिला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सहा आठवडे हेच चाललं असेल तरीही दाखवा.

शेतात वावरणाऱ्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत जाड, खाजरे चट्टे येतात, त्यालाही लोक पित्तच म्हणतात. पुष्कळदा ती गाजर गवताची ॲलर्जी असते. हे गवत १९५० च्या दशकात पुण्याकडे नजरेत आलं आणि मग देशभर माजलं. त्या चट्ट्यांवर दगडी पाला, झेंडू किंवा माक्याचा रस चोळला जातो. ही तिन्ही झाडं गाजर गवताच्याच कुळातली! ज्याला ते गवत सोसत नाही, त्याची कातडी यांनीही भडकू शकते. बिब्बा तर लावूच नका. त्याने धडधाकट कातडीही उतते, फोड येतात.

पित्तावर वैद्य हरिद्राखंड देतात, औषध जुनं आणि नावाजलेलं आहे. पण "हळदच तर आहे" म्हणून चमचे भरभरून खाणं चूक. त्यात हळदीपेक्षा साखर कितीतरी जास्त असते, शिवाय पोट साफ करणारं निशोत्तर असतं. मधुमेह असेल तर वैद्यांना आधी सांगा. ज्येष्ठमधही रोज चघळू नका, रक्तदाब वाढतो.

बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत जादू व्हावी आणि पुडी संपताच दुप्पट उठावं, असं झालं तर तीत स्टिरॉइड असल्याची शंका घ्या. बरेच दिवस घेत असाल तर मनानेच एकदम बंदही करू नका. ती पुडी, चूर्णाचे डबे, काढ्याची बाटली, सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि कधीपासून, किती घेता ते मोकळेपणाने सांगा.