व्हीएस कोडचा कळफलक: कोड इंग्रजीत, मजकूर मराठीत

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये फाइल फॉरमॅट करायला शिफ्ट-आल्ट-एफ दाबायला जावे, आणि कोड नीट लागण्याऐवजी पुढची ओळ मराठीत उमटू लागावी. मग एडिटरला शिव्या पडतात, पण बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. दाबलेली कळ आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती पडते, मग व्हीएस कोडच्या, आणि त्यानंतर एक्स्टेंशनच्या, म्हणजे एडिटरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या. वरच्याने गिळली तर खालच्याला पत्ताच लागत नाही. म्हणून सेटिंग्ज वरून खाली लावत यायच्या. (कमांड आणि सेटिंगची नावे पडद्यावर रोमनमध्ये दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

आधी विंडोज

एकापेक्षा जास्त भाषा बसवल्या की डाव्या बाजूचे आल्ट-शिफ्ट भाषा बदलते. व्हीएस कोडमध्ये फॉरमॅट करणे, ओळीची प्रत खाली काढणे (शिफ्ट-आल्ट-खालचा बाण), ब्लॉक कॉमेंट टाकणे (शिफ्ट-आल्ट-ए) या सगळ्यांची सुरुवात त्याच दोन कळांनी होते. तिसरी कळ दाबायच्या आत बोट उचलले गेले की भाषा बदललीच.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असे जा. तिथल्या 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' या दुव्याने जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडते. त्यात 'बिटविन इनपुट लँग्वेजेस' निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा आणि दोन्ही रकान्यांत 'नॉट असाइन्ड' करा. एकच रकाना बदलून थांबू नका. दुसऱ्यात कंट्रोल-शिफ्ट उरले असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबताना तोच घोळ होईल. भाषा बदलायला विंडोज-स्पेस आहेच, आणि ते एडिटरच्या कशाच्याही आड येत नाही.

त्याच ॲडव्हान्स्ड पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा चौकोन आहे. त्यावर खूण करा. ब्राउझरमध्ये मराठी लिहून एडिटरकडे वळलात, तर एडिटर इंग्रजीतच सापडेल.

इंग्रजीचा लेआउट कोणता आहे तेही बघून घ्या. 'इंग्लिश इंडिया'मध्ये कंट्रोल-आल्ट-४ ने रुपयाचे चिन्ह उमटते, म्हणून त्या जोडीवर स्वतःचा शॉर्टकट ठेवू नये. जुन्या लॅपटॉपवर कंट्रोल-आल्ट-बाण दाबताच अख्खा पडदा उलटा होत असेल, तर ती ग्राफिक्स ड्रायव्हरची हॉट-की आहे. ती बंद केल्याशिवाय एकाखाली एक कर्सर टाकता येणार नाहीत.

मॅकवर दुखणे वेगळे. दुसरी भाषा घेतली की कंट्रोल-स्पेस हा इनपुट बदलण्याचा शॉर्टकट होतो, आणि व्हीएस कोडमध्ये सूचनांची यादी मागवायची कळही तीच. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, इनपुट सोर्सेस इथे जाऊन तिथली खूण काढा आणि भाषा बदलायला ग्लोबची कळ वापरा.

आता एडिटर

कंट्रोल धरून के, मग कंट्रोल धरून एस: शॉर्टकटची पूर्ण यादी उघडते. कमांडच्या नावावर दोनदा क्लिक करा, हवी ती जोडी दाबा, एंटर. जोडी आधीच कुणी घेतली असेल तर त्याच छोट्या चौकटीत किती कमांडवर ती आहे ते दिसते. त्यावर क्लिक करून बघितल्याशिवाय एंटर दाबू नये. नंतर 'माझा जुना शॉर्टकट कुठे गेला' हे शोधत बसावे लागते.

एकच जोडी दोन ठिकाणी दोन कामांना हवी असेल, तर ओळीवर उजवे क्लिक करून 'चेंज व्हेन एक्स्प्रेशन' घ्या. एडिटर टेक्स्ट फोकसची (कर्सर फाइलच्या मजकुरात असल्याची) अट घातली की तीच कळ टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मोकळी राहते. आपण टाकलेले नियम जेसन फाइलमध्ये साठतात. ती खालून वर वाचली जाते आणि पहिला जुळणारा नियम चालतो, म्हणजे खालचा वरच्यावर मात करतो. नियम बरोबर लिहूनही चालत नसेल, तर त्याच्या खाली दुसरा कोणी बसलाय का ते बघा.

तरीही कळ दाद देत नसेल, तर अंदाज बांधत बसू नका. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'डेव्हलपर: टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग' चालवा आणि ती कळ दाबा. खाली आउटपुटमध्ये कळ कशी पोचली आणि कोणत्या कमांडशी जुळली ते उमटते. काहीच उमटले नाही, तर कळ एडिटरपर्यंत आलेलीच नाही. मग सिस्टिममध्ये किंवा मागे चालू असलेल्या स्क्रीनशॉटच्या वगैरे प्रोग्रॅममध्ये शोधा. काम झाले की तीच कमांड पुन्हा चालवून नोंद बंद करा.

टॅब दाबल्यावर ओळ आत सरकण्याऐवजी कर्सर भलतीकडेच उडी मारतो, ही तक्रार नेहमीची. चुकून कंट्रोल-एम दाबले गेलेले असते. त्यानंतर टॅबची कळ ओळ सरकवत नाही, खिडकीच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेते. पुन्हा कंट्रोल-एम दाबले की पूर्ववत. ही सोय पडदा-वाचक वापरणाऱ्यांना लागते. तुम्हाला लागत नसेल, तर यादीत तिच्यावर उजवे क्लिक करून बाइंडिंग काढून टाका.

टाइप करताना आड येणाऱ्या सोयी

कंट्रोल-स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा आणि नावाने शोधा. 'ॲक्सेप्ट सजेशन ऑन एंटर' ऑफ ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑन असताना नवी ओळ हवी म्हणून एंटर दाबला की यादीतला पहिला शब्द कोडात घुसतो. ऑफ केल्यावर सूचना टॅबने घ्यायची, एंटर फक्त ओळीसाठी. जावास्क्रिप्टमध्ये टिंब किंवा अर्धविराम दाबताच नको तो शब्द उमटत असेल, तर 'ॲक्सेप्ट सजेशन ऑन कमिट कॅरेक्टर' बंद करा.

टॅब साइज ४ केला तरी एखादी फाइल २ वरच अडून बसते. कारण 'डिटेक्ट इंडेंटेशन' मुळात चालू असते आणि ते फाइलमधला जुना मजकूर बघून तुमचा आकडा बाजूला ठेवते. दुसऱ्यांच्या प्रकल्पात ते चालूच असू द्या, नाहीतर एका ओळीच्या दुरुस्तीत अख्खी फाइल बदलेल.

मराठी मजकूर

इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असताना चौकटी कंसाच्या कळेवर ड आणि नुक्ता, अर्धविरामावर च, अवतरणावर ट, स्लॅशवर य येतो. म्हणजे कोडला लागणारी चिन्हे जवळजवळ सगळीच जातात. म्हणून आधी इंग्रजीत पूर्ण सांगाडा टाकावा: प्रिंट, कंस, अवतरण. 'ऑटो क्लोजिंग ब्रॅकेट्स' आणि 'ऑटो क्लोजिंग कोट्स' चालू असले की बंद होणारी चिन्हे आपोआप येतात आणि कर्सर मधे राहतो. आता विंडोज-स्पेस, मराठी मजकूर, पुन्हा विंडोज-स्पेस, आणि एंड.

फोनेटिक (रोमन उच्चाराने मराठी उमटवणारी पद्धत) वापरणाऱ्यांना, म्हणजे विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आलेला मराठी फोनेटिक असेल तरी, पर्यायी शब्दांची वेगळी पट्टी दिसते. तिच्यावर एडिटरची यादी चढली की एंटर कुणाला लागेल याचा नेम नाही. 'वर्ड बेस्ड सजेशन्स' ऑफ केले की ही गर्दी पुष्कळ कमी होते.

खरी मेख आहे 'वाऱ्यावर' सारख्या शब्दांत. इन्स्क्रिप्टमध्ये तो असा येतो: बी, ई, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई, बी, जे. इथे शिफ्ट-जे ने ऱ मिळतो आणि डी ने हलन्त. काही साधने मात्र साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकमेकांशी जुळत नाहीत. पायथन ३ मध्ये 'वाऱ्याचा_वेग' हे व्हेरिएबलचे नाव चालते. त्यात जॉइनर आला की 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर' म्हणून ओळ अडते. आकड्यांचेही तसेच: अवतरणातले १२ इंट फंक्शनला कळते, पण कोडात उघडे देवनागरी १२ लिहिले की सिंटॅक्स एरर.

जॉइनरभोवती व्हीएस कोड चौकट दाखवतो. ती त्रासदायक म्हणून जॉइनरला 'अलाउड कॅरेक्टर्स'मध्ये टाकू नका; ती चौकट उपयोगाची आहे. त्याऐवजी फाइंडमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्याने शोधायची सोय) चालू करून र, हलन्त आणि त्यापुढे बॅकस्लॅश-यू लावून जॉइनरचा चार खुणांचा कोड इंग्रजी अंकांत असा नमुना शोधा आणि त्याजागी ऱ व हलन्त घाला. नुसता जॉइनर शोधून पुसू नये, कारण जोडून बनलेल्या इमोजींतही तोच असतो. सगळाच देवनागरी मजकूर चौकटीत दिसत असेल, तर फोल्डर 'रिस्ट्रिक्टेड मोड'मध्ये, म्हणजे अनोळखी समजून मर्यादित सोयींसह, उघडलेले आहे. फोल्डर ओळखीचे असेल तर 'ट्रस्ट' द्या, चौकटी जातील.

बॅकस्पेस शेवटचे एकच चिन्ह खोडतो: 'की' मधली वेलांटी जाते, क राहतो. डिलीट मात्र पुढचे अक्षर काना-मात्रेसकट उडवतो. चुकलेली मात्रा सुधारायला म्हणून बॅकस्पेसच बरा.

कॅस्केडिया कोड किंवा कन्सोलास या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'फॉन्ट फॅमिली'त त्यांच्यापुढे स्वल्पविराम देऊन निर्मला यूआय लिहा आणि 'लाइन हाइट' १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर रफार आणि उकार कापले जातात. अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे मराठी मजकुराचे स्तंभ एकाखाली एक येणार नाहीत. त्यावर उपाय नाही.

विम वापरत असाल तर

विम ही कळांनीच सगळे संपादन करण्याची पद्धत; तिच्या नॉर्मल मोडमध्ये अक्षरे उमटत नाहीत, आज्ञा ठरतात. मराठी चालू राहिले आणि एस्केप दाबून त्या मोडमध्ये आलात, की जे दाबल्यावर विमला र मिळतो आणि कर्सर जागचा हलत नाही. विम एक्स्टेंशनमध्ये 'ऑटो स्विच इनपुट मेथड' आहे, पण त्याला आयएम-सिलेक्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो. विंडोजवर तो भाषा क्रमांकाने ओळखतो: यूएस इंग्रजी १०३३, भारतीय इंग्रजी १६३९३, मराठी ११०२. 'डिफॉल्ट आयएम'मध्ये तुमच्याकडे खरोखर बसवलेल्या इंग्रजीचाच क्रमांक, इंग्रजी अंकांत, द्या. भारतीय इंग्रजी असताना दुसरीकडून उचललेला १०३३ टाकला, तर एस्केपनंतर इंग्रजी परत येण्याची खात्री नाही. इंग्रजी चालू ठेवून टर्मिनलमध्ये आयएम-सिलेक्ट नुसता चालवला की नेमका आकडा तोच छापून देतो.